घट

गुजरीतलं दुकान पोराच्या हवाली केलं,
त्याला काटा इलेक्ट्रॉनिक हवा होता,
म्हणून पेटीतला जुना तराजू माझ्याबरोबर उत्तरेश्वर पेठेत आला.
पितळी पारडी, रेशमी दोरी,
आणि डबीत सात गुंजा. आठवी कधीच हरवलेली.

साखर निघाली तेव्हा सीपीआरच्या मगदूम बाई म्हणाल्या,
"काका, दिवसाला पंधराशे कॅलरी. त्यात बसवा."
बसवा म्हणजे?
अंगठीत खडा बसवतात तसं?
त्या हसल्या नाहीत. छापील तक्ता दिला.

चाळीस वर्षं वजनावर जगलेला माणूस मी.
घरी आलो आणि पारड्यात आधी जोंधळ्याचं पीठ घातलं:
भाकरीला सात तोळे. दोनशे चाळीस.
शेंगतेल एक तोळा, नव्वद.
गूळ एक तोळा, चाळिसाच्या आतबाहेर.
सगळ्यात महाग धातू तेल,
हे मला साठी उलटल्यावर कळलं.

शशिकला ओट्यापाशी उभी राहून बघत होती.
"आता भाकरीला हॉलमार्क मारा, म्हंजे झालं."

लाल वही काढली. आठवडा मांडला.
रविवारी तांबडा एक वाटी, तवंग बाजूला करून,
पांढरा अर्धी, त्यातलं खोबरं आणि तीळ धरून.
त्या रात्री भात नाही.
मिसळ महिन्यातून एकदा. कट नको म्हटल्यावर
खासबागेजवळचा मिसळवाला माझ्याकडं असा बघाय लागला
की मी देवळात चपला घालून शिरलोय.

दोन महिन्यांत पट्ट्याचं एक भोक मागं आलो.
मग सवयीनं उलटा हिशेब केला:
घरात शिजलं किती, माझ्या पोटात गेलं किती.
पोरगा-सून राजारामपुरीत. इथं आम्ही दोघंच.
उरेल ते तिचं.

साडेआठशे.

पुन्हा बेरीज केली.
साडेआठशे.

मग न बोलता दोन दिवस नुसता बघत बसलो.
सकाळी चहा, अकराला चहा.
माझ्या ताटात राहिलेली चतकोर,
कालचा भात, "टाकायचा कशाला",
पातेल्याच्या बुडाला लागलेलं बोटानं पुसून.
सगळं उभ्यानं.
बसून जेवताना तिला मी शेवटचं कधी बघितलं
ते कुठल्याच वहीत नव्हतं.

सोनं आटवताना थोडं जातं.
त्याला आम्ही घट म्हणतो आणि गिऱ्हाइकाच्या नावावर टाकतो.
दुकानाचा केरसुद्धा कधी फुकट दिला नाही.
झारेकरी तो विकत न्यायचा,
धुवून धुवून त्यातला कण काढायचा.
इतका मी हिशेबाचा पक्का.
आणि घरातली घट
सदतीस वर्षं एकाच माणसाच्या अंगावर पडत होती.

वहीत दुसरा रकाना आखला. तिचा.
शेंगदाण्याचं कूट दोन तोळे, दह्यात.
भाकरी अख्खी, आणि माझ्या आधी.
संध्याकाळी गंगावेशीतलं दूध, एक पेला.

"मला भूकच लागत न्हाई."
"लागत नाही, का लागू देत नाहीस?"
ती पीठ मळत होती. हात थांबले नाहीत.
"वजन केलंसा. घटबी धरलीसा.
आणि घडणावळ?"

गिऱ्हाइकाशी तासन् तास घासाघीस केलेली ही जीभ
टाळ्याला चिकटली.

दुसऱ्या दिवशी परात मी ओढली.
तिला पाटावर बसवलं, तर दोनदा उठली,
एकदा मिठासाठी, एकदा उगीचच.
नथीची तार ओढणारी माझी बोटं,
पण भाकरी कडेला चिरली,
थापताना एका अंगाला जाड, तव्यावर दुसऱ्या अंगाला काळी.
आठ तोळे भरली असती पिठाला. वजन केलंच नाही.

ती सावकाश जेवली. बसून.
करपलेली कड मोडून ताटाच्या बाजूला ठेवली
आणि म्हणाली,
"एवढी घट धरा."